थायरॉइडचं ऑपरेशन आणि त्याच दिवशी डिस्चार्ज: आईला संध्याकाळीच वाईला न्यायचं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. आई ५४ वर्षांच्या, गळ्याला बरीच वर्षं गाठी, आता वाढल्यात आणि उताणं झोपलं की दाब येतो. सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली, कॅन्सर नाही असं आलंय. पुण्यात दोन सर्जनना दाखवलंत, दोघंही अख्खी ग्रंथी काढायची म्हणजे टोटल थायरॉइडेक्टॉमी म्हणतात, पण एक म्हणतात सकाळी ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी, हल्ली असंच करतात, आणि दुसरे म्हणतात एक रात्र नक्की, कदाचित दोन. घर वाईला. आईंना बीपीची गोळी आणि इकोस्प्रिन ७५ (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे. मामांचं मत की दुसरा डॉक्टर बिल वाढवतोय, वडिलांचं मत की पहिला डॉक्टर घाई करतोय, आणि तुम्ही मध्ये अडकलाय.

मी बावीस वर्षं मानेची ऑपरेशन्स करतोय, त्यात थायरॉइड सगळ्यात जास्त. त्याच दिवशी घरी मीही पाठवतो, काही पेशंटना. त्यामुळे ही पद्धतच चुकीची असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टी, म्हणजे टोटल, झोपल्यावर दाब, इकोस्प्रिन आणि वाई, या एकत्र बघितल्या की माझं उत्तर सरळ आहे, या केसमध्ये मी संध्याकाळी सोडणार नाही. का, ते नीट सांगतो, कारण नुसतं हो-नाही सांगून तुम्ही मामांना काय समजावणार.

आधी एक गैरसमज. लोकांना वाटतं ऑपरेशन लहान असेल तर घरी आणि मोठं असेल तर ॲडमिट. थायरॉइडमध्ये तसं नाहीये. टाके दोन-अडीच इंचांचे, दुखणं फारसं नाही, चार तासांनी पेशंट चहा मागतो, संध्याकाळी स्वतः उठून बाथरूमला जातो. दिसायला इतकं छान की घरी का नाही असंच वाटतं. आणि शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव पेशंट खरंच घरी गेले असते तरी काही बिघडलं नसतं. सगळा वाद आहे तो उरलेल्या एक-दोघांचा, ज्यांच्या मानेत आतून रक्त साचतं.

हे रक्त साचणं म्हणजे नेमकं काय ते समजलं की बाकीचं आपोआप समजेल. थायरॉइडला रक्तपुरवठा भरपूर. आम्ही ग्रंथी काढताना बारीक-मोठ्या अनेक रक्तवाहिन्या बांधतो किंवा मशीनने सील करतो. पेशंट भुलीत असतो तेव्हा बीपी खाली असतं, एखादी बारीक शीर त्या वेळी गप्प बसते, दिसतच नाही. म्हणून टाके घालायच्या आधी आम्ही भूलतज्ज्ञांना सांगतो की बीपी नेहमीच्या आकड्यावर आणा, फुफ्फुसात हवा थोडी दाबून धरा म्हणजे मानेतल्या शिरा फुगतील, आणि मग पाणी सोडून बघत बसतो कुठून लाल धार येते का. तरीही सगळं पकडता येत नाही. पेशंट जागा होताना खोकतो, रात्री उलटी होते, सकाळी बद्धकोष्ठ म्हणून जोर लावतो, बीपी चढतं, आणि शिरेला बांधलेल्या दोऱ्याची एखादी गाठ सरकते नाहीतर सील सुटतं.

पोटात पन्नास मिली रक्त साचलं तर कळतही नाही. मानेत जागाच नाहीये. पुढे स्नायूंचा थर आम्ही शिवून बंद केलेला, मागे श्वासनलिका आणि मणका. तिथे रक्त साचलं की दाब वाढतो, आणि तो दाब श्वासनलिका चेपतो असं लोक समजतात पण नळी तशी टणक असते, लगेच चेपत नाही. आधी बंद होतात त्या शिरा आणि लसिका (ऊतींतलं पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्या), म्हणजे रक्त वर जातं पण परत येत नाही. बोटाला रबर बँड घट्ट गुंडाळलं की बोट कसं टम्म होतं, तसं स्वरयंत्राचं आतलं अस्तर सुजतं. श्वासाची वाट आतून अरुंद होते. आणि ही सूज आली की भूलतज्ज्ञाला तोंडातून नळी घालणंही अवघड होतं, म्हणजे नेहमीचा जो उपाय तोच हातातून जातो. म्हणून मानेत गुठळी आणि श्वासाचा त्रास असेल तर पहिलं काम टाके उघडून दाब सोडणं, आणि तेही पेशंट जिथे आहे तिथे, वॉर्डातल्या पलंगावर. ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, तयार होईपर्यंत थांबायचं नाही. २०२२ मध्ये ब्रिटिश भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांच्या संघटनांनी मिळून ज्या मार्गदर्शक सूचना छापल्या त्यात हेच क्रमाने सांगितलंय, ड्रेसिंग काढा, टाके कापा, कातडी उघडा, स्नायूंचे थर उघडा, आत गॉज भरा. त्या क्रमाला ते स्कूप म्हणतात. आणि कात्री, चिमटा, ब्लेड, गॉज, ग्लोव्हज असा छोटा डबा पेशंटच्या पलंगाशी कायम ठेवा असंही सांगितलंय.

आता हाच डबा वाईला तुमच्या घरी कोणाकडे असणार, आणि असला तरी आईची मान उघडणार कोण? एवढाच हा प्रश्न आहे खरं तर.

यात वेळेचा हिशोब महत्त्वाचा. जगभरातले आकडे थोडे इकडेतिकडे आहेत, पण साधारण चित्र असं की ज्यांना रक्तस्राव होतो त्यातल्या निम्म्याच्या आसपास लोकांना तो पहिल्या सहा तासांत होतो, उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना सहा ते चोवीस तासांच्या मध्ये, आणि थोड्यांना चोवीस तासांनंतरसुद्धा. म्हणजे संध्याकाळी सोडलं की आपण निम्मा धोका पार केलेला असतो, निम्मा सोबत घेऊन घरी जातो. एक रात्र ठेवलं तर बराचसा पार होतो. पूर्ण कधीच होत नाही. दोन रात्री ठेवून तिसऱ्या दिवशी झालेली केसही मी पाहिलीये, त्यामुळे ॲडमिट ठेवलं म्हणजे शंभर टक्के सुरक्षित असं कोणी सांगत असेल तर तेही खरं नाही.

माझ्या बाबतीत झालेली एक गोष्ट सांगतो. २०१४, दिवाळीच्या आधीचा आठवडा. चाळिशीतल्या बाई, उजव्या बाजूची एकच गाठ, लोबेक्टॉमी, म्हणजे अर्धीच ग्रंथी काढली. माझ्या दृष्टीने वर्षातली सगळ्यात सोपी केस. दहाला सुरू, साडेअकराला संपली, रक्त जवळजवळ नाहीच. चार वाजता बाई बसून बोलत होत्या, मऊ भात खाल्ला. गाव चाळीसेक किलोमीटरवर. घरी फराळाचं अर्धवट पडलंय, सासूबाईंना एकटीला झेपत नाही, साहेब सोडा ना, असं नवरा-बायको दोघंही म्हणत होते, आणि मी जवळजवळ हो म्हटलंही होतं. नवऱ्याने बॅग भरून पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेली मला अजून आठवतेय, प्लास्टिकच्या पिशवीत वर थर्मास. अडलं कशावर, तर विम्याच्या कॅशलेसची फायनल मंजुरी ईमेलवर आली नव्हती. बिलिंगवाले म्हणाले सकाळशिवाय येणार नाही. बाई नाराज होऊन राहिल्या.

रात्री साडेनऊला सिस्टरचा फोन. "सर, त्या आडव्या व्हायलाच तयार नाहीत, सारख्या उठून बसतात, गळ्यात काहीतरी घट्ट बांधल्यासारखं वाटतंय म्हणतात. सॅच्युरेशन ९८ आहे, ड्रेनमध्ये पंधराच मिली आहे." हे वाक्य लक्षात ठेवा, कारण यात दोन फसव्या गोष्टी आहेत. सॅच्युरेशन अगदी शेवटपर्यंत चांगलं राहतं, पडतं तेव्हा हातात मिनिटंच उरलेली असतात. आणि ड्रेन, म्हणजे साचणारं रक्त बाहेर यावं म्हणून मानेत ठेवलेली नळी, जवळजवळ रिकामा होता कारण गुठळीने नळीचं तोंडच बुजलं होतं. सिस्टर अनुभवी होत्या, त्यांनी आकड्यांकडे न बघता पेशंटकडे बघितलं. मी दहा मिनिटांत पोचलो. मान दगडासारखी, बाई पुढे वाकून दोन्ही हात गादीवर टेकून बसलेल्या, आवाज दबलेला, डोळे मोठे. तिथेच बसल्या जागी टाके कापले, स्नायूंची शिवण उघडली, लिंबाएवढी काळी गुठळी बाहेर आली आणि बाईंनी जो श्वास घेतला तो शेजारच्या पलंगावरच्यांनी ऐकला. मग ओटीत नेऊन बघितलं तर वरच्या टोकाजवळची एक शीर, शिवायच्या दोऱ्याएवढी. बांधली, पुन्हा टाके घातले, दोन दिवसांनी घरी गेल्या.

त्या रात्री झोप आली नाही. बाईंना मी वाचवलं असं सगळे म्हणत होते, पण मी त्यांना घरी पाठवलं नव्हतं ते माझ्या हुशारीने नाही, एका न आलेल्या ईमेलमुळे. साडेनऊला त्या त्यांच्या गावात असत्या. तिथून गाडी काढून परत येईपर्यंत काय झालं असतं ते मी मनात अनेकदा मोजलंय. त्यानंतर मी माझे नियम कागदावर लिहिले, आणि आजवर पेशंटने कितीही गळ घातली तरी मोडत नाही.

माझे नियम असे. त्याच दिवशी घरी फक्त लोबेक्टॉमी, तीही सकाळची पहिली केस, म्हणजे नऊच्या आत संपलेली किंवा संपत आलेली, कारण मला पुढचे आठ तास डोळ्यासमोर हवेत. दुपारी दोनला संपलेली केस संध्याकाळी सातला सोडणं याला डे केअर म्हणत नाहीत, घाई म्हणतात. रक्त पातळ करणारी गोळी नको. बीपी ताब्यात. गाठ अवाढव्य नको, छातीच्या हाडामागे उतरलेली नको, ग्रेव्हज (थायरॉइड जास्त काम करण्याचा एक आजार) नको कारण त्यात ग्रंथी रक्ताने भरलेली असते, हाशिमोटोमुळे (थायरॉइडला बराच काळ सूज राहण्याचा आजार) चिकटलेली असेल आणि काढताना त्रास झाला असेल तर नको. जोरात घोरणारे, झोपेत श्वास अडकणारे पेशंट नको. भुलीनंतर उलट्या झाल्या तर बेत रद्द. घर हॉस्पिटलपासून गाडीने अर्ध्या तासात, रात्री घरात एक तरी धडधाकट माणूस जागं राहू शकेल असं, दाराशी गाडी, आणि फोन केला तर मी उचलणार. यातलं एक जरी बसत नसेल तर रात्र इथेच. हे मी स्वतःच्या डोक्यातून काढलेलं नाही बरं का. २०१३ मध्ये अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने याच विषयावर एक निवेदन काढलं, त्यांनी त्याच दिवशी सोडायला मान्यता दिली पण कोणाला सोडू नये याची लांब यादी दिली, त्यात मोठी गॉयटर (वाढलेली थायरॉइड ग्रंथी), रक्त पातळ करणारी औषधं, हॉस्पिटलपासून लांब राहणं, सोबत कोणी नसणं हे सगळं आहे. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटनमधल्या एंडोक्राइन सर्जन्सच्या संघटनेने बराच जास्त सावध सूर लावला होता, त्याच दिवशी सोडण्याच्या सुरक्षिततेवरच शंका घेतली होती. म्हणजे तुमचे दोन सर्जन वेगळं बोलतात त्यात आश्चर्य नाही, दोन देशांतले शहाणे लोकही वेगळं बोलतात.

पहिल्या सर्जनची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून हे करतायत, आणि निवडक पेशंट, भरपूर केस करणारा सर्जन, अशा ठिकाणचे निकाल खरंच चांगले आहेत. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, त्या अभ्यासांत घरी गेलेले लोक आधीच चाळणीतून काढलेले असतात, अवघड केस तिथे पोचतच नाहीत, त्यामुळे ॲडमिट राहिलेल्यांशी तुलना करून घरी जाणंच जास्त सुरक्षित असं म्हणणं म्हणजे शाळेतल्या हुशार मुलांच्या तुकडीचे मार्क दाखवण्यासारखं. दुसरं, कोणी सांगितलं की मी शंभर जणांना घरी पाठवलं आणि कोणालाच काही झालं नाही, तर ऐकायला भारी वाटतं, पण शंभरात शून्य आलं तरी खरा धोका तीन टक्क्यांपर्यंत असू शकतो हे संख्याशास्त्रातलं साधं गणित आहे. शंभर केस खूप नाहीत या प्रश्नासाठी.

आता तुमच्या आईंच्या गोष्टीकडे.

टोटल म्हणजे दोन्ही बाजू. रक्तवाहिन्या दुप्पट, कच्ची जागा दुप्पट. शिवाय दोन वेगळे प्रश्न येतात जे अर्ध्या ग्रंथीत जवळजवळ नसतात. पहिला आवाजाच्या दोन्ही नसा एकदम दुखावण्याचा. दोन्ही बाजूंना एकेक नस, ग्रंथीला चिकटून जाते. एक दुखावली तर आवाज बसतो, पाणी पिताना ठसका लागतो, बहुतेकांचं काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतं, कायमचं राहणं अनुभवी हातात शंभरात एखाद्याला. पण दोन्ही एकाच वेळी दुखावल्या तर स्वरपडदे मध्येच थांबतात आणि श्वासच अडतो. हे सहसा भुलीच्या वेळची श्वासाची नळी काढल्या काढल्या कळतं, म्हणजे घरी जायच्या आधी, त्यामुळे डिस्चार्जच्या वादात याचा वाटा कमी. फक्त सर्जनना विचारा की पहिल्या बाजूच्या नसेचा मॉनिटरवरचा सिग्नल गेला तर तुम्ही दुसरी बाजू त्याच दिवशी करता का थांबता. थांबतो म्हणणारा सर्जन मला आवडतो.

दुसरा कॅल्शियमचा. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, त्या कॅल्शियम सांभाळतात. टोटलमध्ये त्यांचा रक्तपुरवठा दुखावतो, काही दिवस त्या रुसतात, कॅल्शियम उतरतं. ओठांभोवती मुंग्या, बोटांच्या टोकांना झिणझिण्या, मग हात वाकडे व्हायला लागतात. पण यात गंमत अशी की कॅल्शियम सगळ्यात खाली जातं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणजे एक रात्र ॲडमिट ठेवून हे पकडलं जाईलच असं नाही, आणि यासाठी चार दिवस कोणाला ठेवायचं कारणही नाही. मी ऑपरेशननंतर पीटीएचची, म्हणजे पॅराथायरॉइडच्या हॉर्मोनची, रक्ततपासणी करतो, ते कमी असेल तर कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं तयार रूप) दोन्ही सुरू, चांगलं असेल तरी काही दिवस कॅल्शियमच्या गोळ्या देऊन घरी. मुंग्या आल्या तर किती गोळ्या जास्तीच्या घ्यायच्या आणि कधी यायचं हे कागदावर लिहून देतो. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा, हे इतके लोक चुकतात की काय सांगू, सकाळी उपाशीपोटी दोन्ही एकत्र गिळतात आणि मग टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) का उतरत नाही म्हणून येतात.

झोपल्यावर दाब येतो असं तुम्ही लिहिलंय. यावरून मला शंका येते की गाठ खाली छातीच्या हाडामागे उतरलीये का. सोनोग्राफीत हाडामागचं दिसत नाही. दोन्ही हात कानाला लावून वर धरले आणि मिनिटभरात चेहरा लाल-जांभळा होतोय, घुसमटतंय, असं झालं तर शंका वाढते, पण हा प्रयोग तुम्ही घरी करू नका, डॉक्टरांना करू द्या. सीटी स्कॅन झालाय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल झाला तर विचारा. हाडामागे गाठ असेल तर त्याच दिवशी घरी हा विषयच संपला, दोन्ही सर्जनचं एकमत होईल बघा.

इकोस्प्रिन कशासाठी चालू आहे तेही लिहिलेलं नाही. आपल्याकडे चाळिशीनंतर बीपीच्या गोळीबरोबर ही गोळी कोणीतरी कधीतरी लिहून दिलेली असते आणि मग ती वर्षानुवर्षं चालू राहते, का चालू आहे ते घरात कोणालाच माहीत नसतं. नुसती खबरदारी म्हणून असेल तर डॉक्टर ऑपरेशनच्या आठवडाभर आधी बंद करतील. पण स्टेंट घातलाय, हार्ट ॲटॅक किंवा पॅरालिसिस येऊन गेलाय म्हणून असेल तर ती परस्पर बंद करायची नाही. कार्डिओलॉजिस्ट, सर्जन आणि भूलतज्ज्ञ तिघांनी बोलून ठरवायचं. बीपीची गोळी सहसा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, सगळ्याच गोळ्या नाही, कोणती घ्यायची ते भूलतज्ज्ञ सांगतील. उपास आहे म्हणून स्वतःच्या मनाने चुकवू नका, जागं होताना चढलेलं बीपी आम्हाला नको असतं.

आणि वाई. नव्वदेक किलोमीटर, कागदावर दोन तास. शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातून निघून खंबाटकीचा घाट चढलेल्या माणसाला हे दोन तास म्हणजे काय ते सांगायला नको. मान फुगायला लागली तर गाडीत काहीच करता येत नाही. १०८ ला फोन केला तर ॲम्ब्युलन्स येईल, डॉक्टरही असेल, पण थायरॉइडच्या ताज्या टाक्यांना कात्री लावायचं धाडस कोणीही अनोळखी डॉक्टर पटकन करणार नाही, मीही त्यांना दोष देणार नाही.

मामांच्या मुद्द्याबद्दल. बिलाची शंका घेणं चूक नाही, आपल्याकडे लोकांना अनुभव आलेत. पण इथे हिशोब करून बघा. ओटी, भूल, सर्जनची फी, औषधं, नसेचं मॉनिटर असेल तर ते, हा सगळा खर्च घरी जा नाहीतर राहा, तोच. वाढतो तो एका रात्रीचा बेड आणि नर्सिंगचा. जनरल किंवा ट्विन शेअरिंग घेतलंत तर आणखी कमी. आणि विमा असेल तर आधी टीपीएला (विम्याचे दावे बघणाऱ्या संस्थेला) विचारून घ्या, कारण बऱ्याच पॉलिसीत चोवीस तास ॲडमिट असण्याची अट असते, डे केअर ऑपरेशन्सना सूट असते पण कोणतं ऑपरेशन त्यात बसतं यावरून नंतर पत्रव्यवहार सुरू होतो. अर्थात विम्यासाठी रात्र काढा असं मी म्हणत नाहीये, उगीच गैरसमज नको.

वडिलांच्या बाजूने मात्र एक खोच आहे, ती नीट ऐका. रात्रभर ठेवणं आणि रात्रभर कोणीतरी बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या अनेक छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री एक सिस्टर चौदा पेशंट बघते, आरएमओ, म्हणजे रात्रीच्या ड्युटीवरचा डॉक्टर, खालच्या मजल्यावर झोपलेला, त्याने आयुष्यात मानेचे टाके कधी उघडलेले नाहीत आणि सर्जन शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे रात्र काढून उपयोग काय? त्यापेक्षा चांगल्या हॉस्पिटलपासून पाच मिनिटांवरच्या नातेवाइकाच्या घरी झोपलेला पेशंट कदाचित जास्त सुरक्षित. म्हणून दुसऱ्या सर्जननाही प्रश्न विचारायचेत. रात्री ड्युटीवर कोण असतं, टाके उघडायचं सामान पलंगाशी असतं का, सिस्टर किती वेळाने मान बघतात, तुम्ही किती मिनिटांत पोचता, भूलतज्ज्ञ रात्री मिळतो का. आणि दोघांनाही विचारा वर्षाला थायरॉइड किती करता. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वर्षाला २५ पेक्षा जास्त टोटल थायरॉइडेक्टॉमी करणाऱ्या सर्जन्सच्या पेशंटना गुंतागुंत कमी होते असं दिसलं होतं. आकडा विचारल्यावर जो चिडेल त्याच्याबद्दल तुमचं तुम्ही ठरवा. ड्रेन ठेवणार का हे विचारू नका, त्याने फार फरक पडत नाही, ड्रेन ठेवल्याने गुठळी टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि तो रिकामा असून काय होऊ शकतं ते वर सांगितलंच.

म्हणजे थोडक्यात, तुमच्या आईंसाठी मी असं करेन: सीटी नसेल तर करून घ्यायचा, इकोस्प्रिनचा निकाल लावायचा, सकाळच्या पहिल्या नंबरला ऑपरेशन, रात्र हॉस्पिटलमध्येच पण जिथे रात्री खरंच कोणी जागं असतं तिथे, दुसऱ्या दिवशी सकाळी मान मऊ आहे, आवाज ठीक आहे, पीटीएचचा रिपोर्ट हातात आहे, असं बघून डिस्चार्ज. आणि डिस्चार्जनंतर लगेच वाई नको. तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की मावशी कोथरूडला राहते. मग प्रश्नच मिटला की. दुसरी रात्र मावशीकडे काढा, तिसऱ्या दिवशी कॅल्शियम तपासून, सर्जनना मान दाखवून मग निवांत दुपारी निघा. दुसरी रात्र हॉस्पिटलमध्ये ठेवायची मला गरज वाटत नाही, त्या बाबतीत मामा थोडे बरोबर आहेत असं त्यांना सांगा, बरं वाटेल त्यांना.

घरी काय बघायचं ते मावशींनाही सांगून ठेवा. टाक्यांच्या वर थोडी सूज, थोडं निळसर, गिळताना दुखणं, आवाज थोडा घोगरा, हे चालतं. न चालणारं म्हणजे मान तासातासाला जास्त घट्ट होतेय, साखळी किंवा गाऊनची कॉलर आवळल्यासारखी वाटते, थुंकी गिळता येत नाही, आवाज अचानक बदलला, श्वास घेताना घर्र आवाज येतो, आणि सगळ्यात आधी येणारं लक्षण म्हणजे पेशंट अस्वस्थ होतो, आडवा होत नाही, "मला कसंतरी होतंय" म्हणतो आणि नीट सांगता येत नाही. आई तशा कुरकुर न करणाऱ्या असतील तर आणखीच लक्ष द्या. ऑक्सिमीटर बोटाला लावून आकडा चांगला आहे म्हणून थांबायचं नाही. त्यांना बसतं ठेवायचं, सर्जनना फोन लावत लावत गाडीत घालायचं आणि निघायचं, आधी फोनवर चर्चा आणि मग गाडी असं नाही. मावशीचं घर हॉस्पिटलपासून लांब असेल तर रात्री किती वेळ लागतो ते आधी एकदा गाडीने जाऊन बघा.

आणि बद्धकोष्ठाची गोळी मागून घ्या डिस्चार्जच्या वेळी. सगळे विसरतात, आम्हीसुद्धा.

सीटीचा रिपोर्ट आला की इथेच खाली लिहा, गाठ हाडामागे किती उतरलीये ते बघून आणखी काही सांगता येईल.